उर्मीला सातवा महिना

गुरुवारी दुपारी चार वाजता सांगलीच्या गावभागातून रत्नप्रभा आरवाडे यांचा फोन आला आणि त्यांनी उर्मीला सातवा महिना लागल्याचं सांगितलं. आदल्या संध्याकाळच्या भागापर्यंत उर्मी गरोदर नव्हती.

"काकू, कुठली उर्मी? मालिकेतली?"

"मग आणि कुठली? लिहून घे. सातव्या महिन्यात स्कूटरवर मागं बसू नये. राजगिऱ्याची भाजी खावी, पण लोखंडी कढईतली. आणि दुपारी घटकाभर आडवं व्हावं, घर कुठं पळून जात नाही."

"मालिकेत कधी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला पाहिजे? चालते कशी बघ की तिची."

काकूंच्या मागे कुठेतरी एक पुरुष खोकला. लगेच काकूंचा आवाज चढला. "आणि माईसाहेबांची जाऊ झोपताना पण नथ घालते म्हणावं! नाक आहे का खुंटी? ठेवते." फोन बंद झाला.

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. शेवटून दुसऱ्या पानाचा खालचा अर्धा भाग माझ्याकडे होता. त्यात सिनेमाच्या जाहिराती, राशिभविष्य आणि 'रिमोट आमचा' नावाचं रोजचं सदर. वाचकांनी फोन करायचा, आदल्या दिवशी टीव्हीवर पाहिलेल्या कार्यक्रमाबद्दल मत सांगायचं, मी ते चार ओळींत बसवायचं. मराठी वाहिन्या घरोघर पोचून काही वर्षं झाली होती. मोबाइल आले होते, पण गावभागातल्या साठीच्या बायकांच्या हातात अजून नव्हते. कचेरीत मला 'सासूबाई' म्हणायचे. खरं आडनाव टोणपे.

मत देणारे पुष्कळ होते, पण लोक पान उलटायचे ते आरवाडे काकूंसाठी. गाण्यांच्या स्पर्धेबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "परीक्षक आधी रडतात आणि मग गाणं ऐकतात." पाककृतीच्या कार्यक्रमाबद्दल, "चवीपुरतं मीठ म्हणतात, पण चव कुणीच बघत नाही." 'ओसरीवरचा दिवा' ही त्यांची मुख्य मालिका. त्यातली माईसाहेब ही विधवा, करारी बाई. तिची मुलगी उर्मी जातीबाहेर लग्न करून निघून गेलेली. माईसाहेबांचा नवरा दादासाहेब पहिल्याच भागात वारला होता आणि तेव्हापासून हार घातलेल्या फोटोत होता. "आमची जेवणं दिवस मावळायच्या आत होतात," काकू एकदा म्हणाल्या होत्या. "त्यामुळं मी मालिका रिकाम्या हातानं बघते. चपात्या लाटत बघणाऱ्याला नथ दिसत नाही."

मी मजकूर लिहून गोसावी साहेबांपुढे ठेवला. ते मुख्य उपसंपादक. पेन्सिल कानावर, चष्मा कपाळावर.

"टोणपे, ही बाई कधीपासून गरोदर?"

"काकू म्हणतात सातवा."

"मालिका काय म्हणते?"

"काहीच नाही."

पलीकडच्या टेबलावरून बाबर ओरडला. तो गुन्हेगारीच्या बातम्या करायचा. "सासूबाई, भानगड असेल तर मला द्या. पहिल्या पानावर घेतो."

"मत कसंही असू दे," गोसावी साहेब म्हणाले, "पण ज्यावर मत आहे ती गोष्ट घडलेली पाहिजे. उद्या लोक म्हणतील, हे मालिका न बघताच छापतात." त्यांनी पेन्सिल काढली. राजगिरा, कढई, स्कूटर, आडवं होणं, सगळ्यावर एक रेघ. शुक्रवारच्या अंकात नथ आणि खुंटी आली. लोक हसले असावेत. दोघांनी तसे फोन केले.

तिसरा फोन काकूंचा होता. यावेळी दुपारची वाट न पाहता सकाळीच.

"माझं निम्मं छापलंस."

"जागा नव्हती काकू."

"नथीला होती."

"नथ मालिकेत आहे. सातवा महिना नाही."

"मग नथ काढ आणि ते छाप. मी प्रेक्षक आहे न्हवं? मला दिसतं ते मी बोलायचं नाही?"

"बोला की. पण..."

"पुढच्या आठवड्यात छापून उपयोग नाही, बाळ." आवाज एकदम खाली आला होता. "आता छापलं तर उपयोग आहे."

मालिकेबद्दलच्या मताला मुदत असते हे मला नवीन होतं. सदराला वर्ष होत आलं होतं, नेहमीच्या वाचकांचे फोटो छापायचे असं ठरलं होतं. मी कॅमेरा घेतला आणि दुपारी गावभागात गेलो.

दार आण्णांनी उघडलं. जिनपाल आरवाडे, काकूंचे यजमान, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले टाइमकीपर. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, हातात आमचाच पेपर.

"या, टोणपे. टीव्ही हिचा, पेपर माझा. हिची मतं तुम्ही छापायच्या आधीच मी ऐकतो. आणि तीही फुकट."

मधल्या खोलीत आदल्या संध्याकाळचा भाग पुन्हा लागला होता. आण्णा टीव्हीकडे पाठ करून खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. काकू जमिनीवर, भिंतीला टेकून. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा. मला त्यांनी लाडू दिला आणि नजर टीव्हीवर ठेवली. पडद्यावर माईसाहेब उर्मीच्या रिकाम्या खोलीला कडी लावत होत्या. ढोल वाजत होते.

"बरोबर केलं," आण्णा पेपरातून म्हणाले. "गेलेल्याची खोली उघडी ठेवली की धूळच येते."

"धूळ झाडता येते की," काकू टीव्हीला म्हणाल्या.

"माईसाहेबांना दुसरी कामं काय कमी आहेत?"

"कामाला माईसाहेब भीत नाहीत. त्या वेगळ्याच कुणाला भितात."

"विधवा बाई. तिला आता कुणाची भीती?"

"तेच म्हणते मी. फोटोला हार घातला तरी भितात."

मी हसलो आणि वही काढली, कारण हे वाक्य सदरासाठी फार चांगलं होतं. पण माझ्याशिवाय कुणी हसलं नव्हतं. आण्णांनी पेपराचं पान उलटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही, आण्णांकडेही नाही. दोघंही इतका वेळ एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. काकू टीव्हीशी बोलत होत्या, आण्णा पेपराशी.

लेकी बोले, सुने लागे हे मी शाळेत शिकलो होतो. समोर बसून ऐकायची पहिलीच वेळ.

"फोटो काढायचा म्हणता," आण्णा उठले. "थांबा, टोपी घालतो." ते आतल्या खोलीत गेले. कपाटाचं दार करकरलं.

काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला नाही, वाढवला. आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

"तुमचा पेपर निपाणीला जातो न्हवं?"

"जातो. तिथं हीच आवृत्ती."

"आमची सुवर्णा तिथं आहे. माझी मुलगी. तंबाखूच्या वखारीतल्या कारकुनाशी लग्न केलं. आमच्यातला नाही तो." त्या भरभर बोलत होत्या, डोळे आतल्या दाराकडे. "तिला सातवा लागलाय. आधी दोनदा वाया गेलं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"धाकटी जाऊ निपाणीची. तिकडचं इकडं सांगते. इकडचं तिकडं नेत नाही, यांना भिते."

"मग तुम्ही एक फोन..."

"नेम घेतलाय मी. मंदिरात, मुनी महाराजांसमोर. सुवर्णाशी बोलणार नाही, तिला लिहिणार नाही, तिच्या दारात जाणार नाही. यांनी सांगितला, मी घेतला. घेतलेला नेम मोडायचा नसतो."

"आणि सदर?"

"बोलते मी तुझ्याशी," काकू म्हणाल्या. "लिहितोस तू. आणि तिच्या दारात जातो तो पेपर टाकणारा."

पडद्यावर कुणीतरी रडत होतं. मी विचारलं, "ती वाचते का पण?"

"लहानपणापासून पेपर मागच्या पानापासून वाचते. मागं मी उर्मीच्या काजळाबद्दल बोलले होते बघ, एवढं रडून पण पसरत नाही ते. तेव्हा जावेच्या आईला म्हणाली, 'आई अजून तशीच आहे.'" त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तिथं तिला सासू नाही. करायला कुणी नाही. तिनं बाळंतपणाला इथं यायला पाहिजे. ते उद्या छाप."

"काकू, उर्मी गरोदर नाही. साहेब छापू देत नाहीत."

"मग कधी होणार ती?"

"ते वाहिनीला माहीत."

"विचार की वाहिनीला."

"सांगत नाहीत ते. आणि मालिकेत सातवा महिना लागला तरी वर्षभर चालतो."

"माझ्याकडं वर्ष नाही," त्या म्हणाल्या.

आत कपाट बंद झालं. गोसावी साहेबांची रेघ माझ्या डोळ्यांपुढे होती. ती कुठे पडली होती आणि कशावर पडली नसती, याचा मी विचार करत होतो. हे माझं रोजचं काम होतं.

"'असती तर' घालू?" मी म्हणालो. "उर्मी गरोदर असती तर. मग ते मत होतं."

त्यांनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. "असती तर. बरं. पण पुढचं ठाम ठेव. 'यावं' म्हण. 'यायला हरकत नाही' असलं म्हणू नकोस, ती येणार नाही."

"आणि आण्णा?"

"त्यांचं काय?"

"ते सगळा पेपर वाचतात."

"वाचू दे. मालिकेचं आहे."

आण्णा काळी टोपी घालून आले. मी दोघांना शेजारी उभं राहायला सांगितलं.

"छे, सदर हिचं आहे," ते म्हणाले आणि बाजूला झाले. टोपी मात्र फोटो निघेपर्यंत तशीच होती.

संध्याकाळी गोसावी साहेबांनी मजकूर दोनदा वाचला. "उर्मी गरोदर असती तर तिने बाळंतपणाला माहेरीच यावं. माईसाहेबांनी कुणालाही न विचारता दार उघडावं. स्कूटरवर मागे बसू नये. राजगिरा लोखंडी कढईत करावा."

"असती तर," ते म्हणाले. "हरकत नाही. कल्पनेला पुरावा लागत नाही. पण राजगिरा कशाला?"

"तो त्यांच्या बोलण्याचा ढंग आहे."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी पानाच्या आराखड्याकडे पाहिलं. राजगिरा राहिला.

शनिवारी ते छापून आलं. मिरजेच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, उर्मी कधी परत येणार आहे, तुम्हाला आधी कळतं का? शनिवारी काकूंचा फोन नव्हता. रविवारी सदराला सुट्टी. सोमवारी चार वाजता फोन वाजला तेव्हा मी "बोला काकू" म्हणूनच उचलला.

"मी आरवाडे बोलतोय," आण्णा म्हणाले. "मालिकेबद्दल मत द्यायचं आहे. पुरुषांचं घेता का?"

"घेतो, आण्णा."

"ही मंदिरात गेलीय. लिहून घ्या." त्यांनी घसा साफ केला. ते वाचून दाखवल्यासारखं सांगत होते, स्वल्पविरामावर थांबत होते. "'ओसरीवरचा दिवा' या मालिकेत, दादासाहेबांच्या फोटोला रोज हार घातला जातो. पण त्यांना काही विचारलं जात नाही. पूर्णविराम. माईसाहेबांनी कुणालाही न विचारता दार उघडावं, असं मत मध्यंतरी वाचण्यात आलं. पूर्णविराम. विचारलं असतं तर दादासाहेब काय म्हणाले असते, हे घरातल्या कुणीही गृहीत धरू नये."

मी लिहून घेतलं. मग विचारलं, "काय म्हणाले असते, आण्णा?"

तिकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"मालिकेत तो बोलत नाही," ते म्हणाले.

"पण वाचणाऱ्याला कळायला हवं. यावं की येऊ नये?"

"टोणपे, तुम्ही लग्न केलंय?"

"नाही अजून."

"मग असू दे." ते म्हणाले. "आमच्यात नेम मन, वचन आणि काया अशा तिन्हींचा असतो. ही वचन आणि काया, या दोनांवरच थांबली. मला दिसत होतं. मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं का, ते मला सांगता येणार नाही."

"हे छापायचं?"

"हे नाही. आधी सांगितलं तेवढंच. नाव पूर्ण घाला. जिनपाल भाऊ आरवाडे. आणि उद्याच्याच अंकात."

"निपाणीला जाणाऱ्या अंकाचं पान लवकर सुटतं. त्यात बसवतो."

"मी निपाणीचं काही बोललो का?" आण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

गोसावी साहेबांना ते पटलं नाही. "यात मत कुठं आहे? मेलेल्या माणसाला विचारा म्हणतो, आणि तो काय म्हणेल ते सांगत नाही."

बाबर येऊन माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याने या वेळी थट्टा केली नाही. "जबाब असाच देतात, साहेब," तो म्हणाला. "निम्मा. उरलेला समोरच्यानं विचारायचा असतो."

मंगळवारी ते सदराच्या तळाला, चौकटीत गेलं.

त्यानंतर काकूंचा फोन आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. याचे दोन अर्थ निघत होते, सुवर्णा घरी आली असेल किंवा आण्णांनी काकूंचा फोन बंद केला असेल, आणि दोन्ही सारखेच बरोबर वाटत होते. मी दोनदा गावभागातून गेलो. आरवाड्यांचं दार बंद होतं. दुपारी त्या भागातली सगळीच दारं बंद असतात. वाचकांनी विचारलं, काकू कुठे आहेत? मी 'बाहेरगावी' असं उत्तर द्यायला लागलो होतो, मग ते खरं आहे की नाही हे ठाऊक नसल्यामुळे थांबवलं. मालिकेतली उर्मी पुढे गरोदर झालीच नाही. ते काम करणाऱ्या मुलीने मालिका सोडली आणि उर्मीला परदेशी पाठवण्यात आलं. वर्षभरात सदर बंद झालं आणि त्या जागी शेअर बाजाराचे भाव आले. मी कोल्हापूरच्या एका दैनिकात गेलो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी सांगलीचं पान तपासताना निधनवार्तांमध्ये चार ओळी दिसल्या. 'सांगली : गावभाग येथील जिनपाल भाऊ आरवाडे (वय ८४) यांचे वार्धक्याने निधन झाले. ते साखर कारखान्याचे निवृत्त टाइमकीपर होते. त्यांच्या मागे पत्नी, मुलगी, नात असा परिवार आहे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी आहे.'

निधनवार्तेत मुलगी आणि नात असली की त्यांच्यामध्ये जावई असतो. तो नसला तर वाचक चूक समजतात आणि नातेवाईक फोन करतात. मी सांगलीच्या वार्ताहराला फोन लावला. नवा मुलगा होता, कोळेकर.

"आरवाड्यांच्या बातमीत जावई राहिलाय का?"

"नाही सर. मी विचारलं होतं."

"फोन कुणाचा होता? आरवाडे काकूंचा?"

"म्हाताऱ्या नव्हत्या. मुलगीच असावी. स्वतःचं नाव सांगितलं नाही. नंबर कर्नाटकातला होता, पण बोलत होत्या घरातूनच. मागं टीव्ही चालू होता आणि एक म्हातारी बाई त्यांना मधेमधे सांगत होती, हे घाल, ते घाल."

"मग जावयाचं काय म्हणाल्या?"

"मी म्हटलं, मॅडम, जावयांचं नाव? तर आधी टीव्हीचा आवाज कमी झाला. मग म्हणाल्या, आण्णांनी स्वतः सांगून ठेवलंय, एवढंच छापा."

"कधी सांगून ठेवलं?"

"ते कसं विचारणार, सर? मयताच्या घरी."

बरोबर होतं. जावई हयात आहेत का, हेही त्याने विचारलं नव्हतं. दार सुवर्णासाठी उघडलं होतं, एवढंच मला कळलं.